समासातली रेघ

बाबा, तुमची लाल पाठीची वही परवा पाहिली. पाठ आता लाल राहिलेली नाही आणि एक कोपरा वाळवीने खाल्लाय, पण आतलं अक्षर तुम्ही लिहिलं तसंच आहे. आमच्या चर्चचे फादर सगळ्या घरांची नवी नोंदपुस्तकं करायला बसलेत. ज्या सुना लॅटिन चर्चमधून आल्या त्यांनी बाप्तिस्म्याचा ताजा दाखला आणावा, असं त्यांनी रविवारी सांगितलं. हे म्हणाले, फोन कर, पोस्टाने पाठवतील. मी ऐकलं नाही. मारेगावहून यवतमाळ, तिथून घाटंजी, आणि घाटंजीच्या स्टँडवरून ऑटोने आपलं गाव, असा अख्खा दिवस मोडला. तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली. तुमच्या कबरीवर माती टाकली, त्यानंतर मी त्या आवारात पाय ठेवला नव्हता. आता साठीला आलेली बाई गुडघा धरत पायऱ्या चढली आणि तुमच्या टेबलाशी जाऊन बसली. टेबल तेच आहे. आताचे फादर वयाने लहान, मला मावशी म्हणाले, कपाटातून वही काढली, धूळ फुंकली आणि माझं पान माझ्यापुढे ठेवलं. त्या पानावर काय होतं ते शेवटी लिहिते. आधी बाकीचं लिहू द्या. तुमच्यापुढे सलग बोलायची संधी मला कधी मिळाली नाही.

तुम्ही मिशनचे मास्तर. तेव्हाचे फादर परप्रांतातले, त्यांना मराठी बोलता यायचं पण लिहिता येत नसे, म्हणून बाप्तिस्म्याची वही तुमच्याकडे आली आणि तुमच्याकडेच राहिली. रविवारी मिस्सा झाली की तुम्ही ती घरी आणता. स्वयंपाकघरात उजेड चांगला, म्हणून तिथेच पाट मांडता आणि आईला चूल विझवायला लावता, कारण धुराने कागद पिवळा पडतो. तव्यावर भाकरी अर्धी असो की भाजी कच्ची असो, वही उघडली की आग विझली पाहिजे. आम्ही उपाशी बसून बघतो. आधी पट्टी धरून पेन्सिलने बारीक रेघ आखायची, मग तिच्यावर शाईने लिहायचं, शाई वाळली की रबराने रेघ खोडायची. खोडलेल्या रेघेचा मागही राहता कामा नये. टीपकागद धरायचं काम माझं. श्वास रोखून धरायचा, कारण एकदा मला शिंक आली होती आणि त्याबद्दल दोन दिवस मला वहीजवळ येऊ दिलं नव्हतं. लोकांची मुलं बापाच्या खांद्यावर बसून बाजाराला जायची. माझ्या वाट्याला तुमचा खांदा आला तो असा, मागून डोकावून बघण्यापुरता.

आठ वर्षांची असताना मी त्या वहीत माझं नाव शोधून काढलं आणि त्याच्या समासात पेन्सिलने एक लहानसं फूल काढलं. तुम्ही पट्टी उभी धरून तिच्या कडेने माझ्या बोटांवर चार वेळा मारलंत. मग फूल खोडलंत, कागदावर फुंकर घातलीत आणि मी रडत असतानाच वर्गात सांगता तसं सांगितलंत, "समास खेळाले नसते. माणसाचं पुढं जे होते ते तिथं लिवा लागते. लग्न झालं, सिस्टर झाली, दुसऱ्या रीतीच्या चर्चात गेली, सारं तिथं येते." मी हुंदके देत विचारलं, माझं कोण लिहील? तुम्ही रबर डबीत ठेवलंत. "मीच लिवीन. दुसऱ्याचे कोंबडीचे पाय तुह्या नावापुढं येऊ देईन काय मी?" बोटं आठवडाभर सुजली होती, भाकरीही मोडता येत नव्हती. तरी सांगते, तुमच्या तोंडून मी ऐकलेलं सगळ्यात मायेचं वाक्य तेच. मी खूप आठवून पाहिलं, दुसरं सापडत नाही.

तुमच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात जो चुकेल त्याला खडीवर गुडघे टेकायला लागायचे. मास्तरची पोरगी चुकली तर दुप्पट वेळ, म्हणजे कोणी म्हणू नये की मास्तर घरच्याला झुकतं माप देतो. कोणी तसं म्हणत नव्हतं, बाबा. लोक आईला म्हणायचे, पोरीचे गुडघे पाहा. पण शिकवणं तुमचं पक्कं होतं, ते मी नाकारत नाही. पोप एक, विश्वास एक, पण चर्चच्या रीती अनेक, हे मला तुम्हीच शिकवलंत. आपली लॅटिन. केरळातल्या कितीकांची सिरो-मलबार, ते मिस्सेला कुर्बाना म्हणतात. आपल्याकडे दृढीकरण, म्हणजे विश्वास पक्का करायचा संस्कार, मूल कळतं झाल्यावर बिशप येऊन देतात, त्यांच्याकडे बाप्तिस्म्याबरोबरच तान्ह्या बाळाला. आपल्या कपाळी उपवासकाळाची राख बुधवारी लागते, त्यांच्या सोमवारीच, आणि तेव्हापासून ईस्टरपर्यंत मटण नाही, मासा नाही, अंडंही नाही. हे तुम्ही फळ्यावर दोन रकाने करून लिहिलं होतं. मी ते वहीत उतरवून घेतलं होतं. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येतं.

नर्सिंग करून मी यवतमाळला एका दवाखान्यात लागले. आमच्या वॉर्डच्या मोठ्या सिस्टर मल्याळी होत्या, सिरो-मलबार. नवरा वणीकडच्या कोळशाच्या खाणीत, मुलाचं मारेगावला औषधाचं दुकान. मुलगा इथेच वाढलेला, मराठी तुमच्या-माझ्यासारखं बोलायचा. सिस्टर पुढे माझ्या सासू झाल्या, मी त्यांना अम्मची म्हणते. लग्नाचं ठरवून मी घरी सांगायला आले तेव्हा मनात भीती नव्हतीच, कॅथलिकच तर आहे, यात बिघडलं काय, असं वाटत होतं. तुम्ही अंगणात बाजेवर बसला होता. ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "हिंदूच्या घरी गेली असतीस तर मी रडलो असतो आन् चूप बसलो असतो. मुसलमानाच्या घरी गेली असतीस तर म्हणलो असतो, पोरगी बहकली. हे लोक आपल्याच घरात येऊन आपल्यालेच पाहुणे समजते." मला तेव्हा काही कळलं नाही. आईने नंतर चुलीपाशी सांगितलं. मिशनच्या कुठल्याशा कार्यक्रमात एका मल्याळी पाहुण्याने तुम्हाला विचारलं होतं, मास्तर, किती पिढ्यांपासून ख्रिस्ती? तुम्ही अभिमानाने म्हणालात, दोन. तो म्हणाला, आम्ही सेंट थॉमसच्या वेळेपासूनचे, आणि टेबलावरचे सगळे हसले. तुमच्या वडिलांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा गावाने त्यांना विहिरीवर पाणी भरू दिलं नव्हतं. ती गोष्ट तुम्ही त्या टेबलावर सांगितली नाहीत. घरी येऊन जेवला मात्र नाहीत. हे जर तुम्ही मला स्वतः सांगितलं असतंत तर मी तुमच्या बाजूची झाले असते. तुम्हाला बाजूचं माणूस नकोच होतं.

मग आठ दिवसांनी तुमचा निरोप आला, मंगळवारी त्यांना जेवायला घेऊन ये. मी हुरळून गेले. अम्मचींना रजा घ्यायला लावली, तारीख पाहिलीच नाही. मी सोमवारीच गावी आले. मंगळवारी सकाळी तुम्ही स्वतः मटण आणलंत, स्वतः मसाला भाजायला बसलात. तुम्हाला स्वयंपाकघरात मी वहीशिवाय पहिल्यांदा पाहत होते. आई म्हणाली, "थोडं वरण टाकू काय? सिस्टरबाई खाते का नाई का माहीत." तुम्ही म्हणालात, "काही टाकू नको." आणि तुम्ही ते ज्या आवाजात म्हणालात त्यावरून मला तो फळा आठवला. दोन रकाने. उद्या राखेचा बुधवार. म्हणजे त्यांचा उपास कालपासून लागलाय. तुम्ही अख्ख्या तालुक्याला सण-उपास सांगणारे मास्तर, तुमची तारीख चुकणार? मला स्टँडवर जाऊन त्यांना थांबवता आलं असतं. निदान एका बाजूला डाळ शिजवता आली असती. मी कोथिंबीर निवडत बसले. तुम्हाला घाबरून बसले असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. खरं म्हणजे मला पाहायचं होतं की तुम्ही शेवटपर्यंत नेता की नाही.

चौघं आले. अम्मची, सासरे, त्यांचे मोठे भाऊ आणि हे. पानं मांडली. तुम्ही भिंतीला टेकून उभे राहिलात आणि मला म्हणालात, "वाढ." मी पहिला डाव अम्मचींच्या ताटात घातला. लाल रस्सा ताटात पसरला. त्यांनी ताटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. वॉर्डात इंजेक्शन चुकीच्या बाटलीतून भरलं तर त्या असंच बघायच्या, न रागावता. मग आपल्या दवाखान्यातल्या मराठीत हळू म्हणाल्या, "मास्तर, आमचा उपास काल सुरू झाला." तुम्ही कपाळाला हात लावलात. "अरे देवा. आमचा तर उद्या हाय. तुमचं कॅलेंडर आमच्याकडं नसते न. आता घरात दुसरं काहीच नाई. भात हाय, मीठ हाय." आईने तोंडात पदर धरला. अम्मचींनी ताट बाजूला सारलं आणि दुसऱ्या ताटात भात-मीठ घेऊन खाल्लं, पोटभर खाल्लं. सासरेही खाली मान घालून जेवले. मोठे भाऊ उठले आणि आपसात बोलल्यासारखं, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "नए क्रिस्तान हैं, इनको क्या मालूम." तुम्ही हसलात, बाबा. त्या एका वाक्यासाठी तुम्ही दोन किलो मटण शिजवलं होतं. माझ्याकडे वळून म्हणालात, "ऐकलं काय?" तेवढ्यात ह्यांनी ताट ओढलं आणि मटण खायला सुरुवात केली. तुमची लाज राहावी म्हणून. खाली बघत, एक एक बोटी चावत त्यांनी ताट संपवलं. ईस्टरपर्यंत अम्मची त्यांच्याशी नीट बोलल्या नाहीत. आणि तुम्ही, पाहुणे ऑटोत बसायच्या आत, मला म्हणालात, "ज्याचा उपास एका बोटीत मोडते, तो लग्न काय पाळीन?"

लग्न ईस्टरनंतरच्या आठवड्यात ठरलं होतं. त्यांच्या फादरना माझ्या बाप्तिस्म्याचा दाखला हवा होता, त्याशिवाय ते तारीख धरणार नव्हते. तुम्ही म्हणालात, वही बांधणीला गेली. आपले फादर म्हातारे, मास्तर म्हणेल ते खरं. एक आठवडा गेला, तीन गेले. तिकडे ह्यांचे मोठे काका विचारू लागले की मुलीचा बाप्तिस्मा झालाय तरी का. मला वॉर्डात, सगळ्यांसमोर नाही तरी औषधांच्या खोलीत, अम्मचींनी विचारलं, "खरं सांग, झालाय ना?" मास्तरच्या पोरीला. खडीवर गुडघे फोडून घेतलेल्या पोरीला. मी त्या दिवशी इतकी रडले की मला ड्युटीवरून घरी पाठवलं. वही सापडली ती आईला, ज्वारीच्या कोठीत, तिच्याच जुन्या लुगड्यात गुंडाळलेली. तिने तुम्हाला काही विचारलं नाही. पदराखाली धरून भर उन्हात फादरच्या बंगल्यावर नेली आणि त्यांच्याकडून इंग्रजीत दाखला लिहून आणला. त्या दिवसापासून तुम्ही आईशी बोलणं सोडलंत. ती चार वर्षांनी गेली. चार वर्षं तुम्ही भिंतीकडे बघून म्हणायचात, "पाणी पाह्यजे," आणि ती पाणी आणून ठेवायची. बाकीचं मी कधीतरी विसरेन असं वाटतं. त्या भिंतीचं विसरणार नाही.

लग्नाची घोषणा आपल्या चर्चमध्येही तीन रविवार व्हायची होती आणि ती वाचायचं काम मास्तरचं, म्हणजे तुमचं. तुम्ही वाचलीत. शब्द गाळला नाहीत, आवाज बारीक केला नाहीत. कोणाची हरकत असेल तर त्याने फादरना कळवावी, इथे पोचून तिन्ही रविवार थांबलात आणि बाकांवरून नजर फिरवलीत, जणू कोणीतरी उठेल. कोणी उठलं नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी आई शेजारी पाहुण्यांकडे गेलेली असताना तुम्ही स्वयंपाकघरात आलात. चूल पेटलेली होती आणि तुम्ही ती विझवायला सांगितली नाहीत. म्हणालात, "लग्न त्यायच्यात होऊ दे. लेकरं बापाच्या रीतीत जाते, ते बी समजते मले. पण बायकोनं जावंच लागते असं कायद्यात नाई. तिनं सही केली तरच तिचं नाव जाते. तू सही नको करू. माह्या वहीत राह्य." आयुष्यात तुम्ही मला काही मागितलंत ते तेवढंच. हुकूम नव्हता, मागणं होतं, मला फरक कळत होता. मी कढईतला झारा न थांबवता म्हणाले, "करणार. पहिली सही तीच करणार." तुमचा चेहरा मी पाहिला आणि मला तो आवडला. तुम्ही शिकवलेलंच होतं, कुठे मारलं की जास्त लागतं.

लग्नाला तुम्ही आलात आणि शेवटच्या बाकावर बसलात. सगळी प्रार्थना मल्याळीत, तुम्हाला एक शब्द कळत नव्हता. ह्यांनी माझ्या गळ्यात मिन्नू बांधला, म्हणजे त्यांचं मंगळसूत्र, आणि त्याचा दोरा लग्नाच्या साडीतूनच काढलेल्या सात धाग्यांचा होता. जेवायला थांबा म्हणून अम्मची स्वतः तुमच्यापुढे हात जोडून उभ्या राहिल्या. तुम्ही म्हणालात, "माहा उपास हाय." दाखल्यापायी तारीख पुढे ढकलली होती, ईस्टर होऊन महिना झाला होता. त्यांना भात-मीठ आठवलं असणार, मला आठवलं. तुम्ही गेल्यावर त्यांच्या फादरनी आत टेबलावर दोन कागद ठेवले. एक लग्नाचा. दुसरा रीत बदलण्याचा, आणि म्हणाले, इच्छा असेल तर, घाई नाही, पुढेही कधी करता येईल. मी लग्नाच्या कागदावर सही केली. दुसऱ्या कागदावर पेन टेकवलं आणि उचललं. मला सही करवली नाही. तुमच्यावर माया होती म्हणून, असं लिहिलं तर ते तुम्हाला गोड लागेल, म्हणून तसं लिहीत नाही. पण होती. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो पीळ तुमचा होता आणि माझ्यात उतरला होता.

पंधरा दिवसांनी मी माहेरी आले तेव्हा तुम्ही दारातच विचारलंत, "केली सही?" मी म्हणाले, "केली." तुम्ही मान हलवलीत. "मंग पत्र येईन त्यायच्या फादरचं. लिवा लागीन." आणि आत जाऊन भिंतीला विचारलंत, पट्टी कुठं हाय. आईने पट्टी आणून दिली. पुढची नऊ वर्षं मी जेव्हा जेव्हा आले, तुम्ही एकदा तरी म्हणायचात, "पत्र नाई आलं अजून." मी म्हणायचे, येईल, ऑफिसचं काम असतं. पहिल्या वर्षी जीभ अडखळायची, नंतर सवय झाली. माझ्या मुलीला मी तुमच्याकडे मराठीतून प्रार्थना शिकायला बसवलं तर तुम्ही तिला वर्गातून उठवून बाहेर पाठवलंत. "हिचं दृढीकरण दूध पितानीच झालं. हिले मी काय शिकवू?" सहा वर्षांची पोर पायरीवर बसून आतल्या मुलांबरोबर ओठ हलवत होती. तिला हात धरून घरी आणताना मी ठरवलं की खरं तुम्हाला कधीच कळू द्यायचं नाही.

मग साखरेने तुमचे डोळे नेले आणि त्यानंतर पाय. वही नव्या मास्तरकडे गेली. मी रजा काढून आले. तुमच्या पायाची जखम धुवायला दुसरं कोणी तयार नव्हतं, वास फार होता. मी धुवायचे, पट्टी बांधायचे, तुम्ही कण्हायचा नाहीत आणि मीही हलक्या हाताने करायचे नाही. एका दुपारी तुम्ही विचारलंत, "पत्र आलं काय वं?"

"आलं," मी म्हणाले.

"कोनं लिवलं मंग?"

"नव्या मास्तरनं."

तुमचा हात चादरीवर सरकत होता, उजव्या हाताची तीन बोटं पेन धरल्यासारखी. "अक्षर कसं हाय त्याचं?"

"छान आहे," मी म्हणाले. "तुमच्यापेक्षा छान."

तुम्ही तोंड भिंतीकडे केलंत. चार दिवसांनी गेलात, त्या चार दिवसांत माझ्याशी बोलला नाहीत, पाणीसुद्धा भिंतीला मागितलंत. आणि मी आईसारखं ते आणून ठेवलं. त्या दुपारी मला बरं वाटलं होतं, बाबा. वाईट वाटलं असं लिहायला बसले होते, पण ते खरं नाही. आईची चार वर्षं, अम्मचींचं भात-मीठ, पायरीवरची माझी पोर, सगळं दोन शब्दांत परत केल्यासारखं वाटलं, आणि त्या रात्री मला झोपही चांगली लागली. वाईट वाटायला फार उशीर लागला. परवापर्यंत.

आता ते पान. माझं नाव तुमच्या अक्षरात, तारीख तुमच्या अक्षरात. समासात लग्नाची नोंद, तीही तुमचीच. वळणदार, एक ठिपका न सांडलेली. तिच्याखालची पेन्सिल खोडलेली, मागही नाही. आणि तिच्याखाली आणखी एक रेघ, पेन्सिलची, रिकामी. जे पत्र मी येऊच दिलं नाही त्याच्यासाठी आखून ठेवलेली. मी चष्मा काढून पान डोळ्यांजवळ धरलं. ती एकदाच ओढलेली नव्हती. पुसट झाली की पुन्हा ओढलेली, तीन-चार वेळा, आणि सगळ्यात वरची पट्टीशिवाय, हाताने, वाकडी. डोळे जाता जाता ओढलेली असणार. ज्या माणसाने मला शिंकेसाठी वहीपासून दूर ठेवलं त्याने समासात वाकडी रेघ ओढली होती. चर्चच्या ऑफिसचं पत्र नऊ वर्षं येत नाही म्हणजे ते निघालंच नाही, हे तुम्हाला कळत नव्हतं असं मला आता वाटत नाही. तुम्ही तीस वर्षं तसली पत्रं वाचलीत. तुम्हाला माझ्या तोंडून ऐकायचं होतं की मी गेले नाही. एकदा सरळ विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं. नाही, हेही खरं नसेल. पण तुम्ही विचारायला हवं होतं.

"मावशी, इथं काही लिहायचं राहिलंय का?" फादरनी विचारलं. मी म्हणाले, काही नाही. त्यांनी रबर घेतलं, मी त्यांचा हात धरला आणि मग मलाच ओशाळल्यासारखं झालं. त्यांनी दाखला लिहून दिला. त्यात लिहिलंय की मी लॅटिन, या धर्मग्रामातली, बदल नोंदवलेला नाही. तो मी आमच्या फादरना दिला. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, एवढ्या वर्षांत राहूनच गेलं की काय, आता करून टाकू या, एका सहीचं काम. मी म्हटलं, पुढच्या महिन्यात बघू. त्या महिन्यातही मी सही करणार नाही आणि का करत नाही ते कोणाला सांगणार नाही. अम्मची गेल्या, आई गेली, ह्यांना वाटतं मी तीस वर्षांपूर्वीच केली. हे कागदही मी कोणाला दाखवणार नाही. औषधांच्या जुन्या पावत्यांखाली ठेवीन आणि कधीतरी रद्दीत जातील.

एक राहिलं. तुम्ही विचारलंत तेव्हा मी नव्या मास्तरचं अक्षर पाहिलेलंच नव्हतं. परवा फादर शिक्का शोधत होते, तेवढ्यात मी वहीची शेवटची पानं उलटून पाहिली. कोंबडीचे पाय आहेत, बाबा.